गळका जोड

आमच्या घरांत पेट्रोलचा वास प्रथम कोणाला आला, याविषयीं अजून एकमत झालेलें नाहीं. आमच्या मतें तो आम्हांस आला. सौभाग्यवतींच्या मतें त्या दोन दिवस तेंच सांगत होत्या आणि आम्ही "हं, हं" म्हणून वर्तमानपत्राचें पान उलटीत होतों. संसारांतले असे वाद निकालांत निघत नसतात, म्हणून आम्ही तो तेथेंच सोडून दिला.

वास खरा होता हें मात्र रविवारीं सिद्ध झालें. कन्येला मागें बसवून आम्ही मोटारसायकलवरून कासच्या पठारावर गेलों होतों. यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यास घरीं आलों, गाडी अंगणांत उभी केली आणि वांकून पाहतों तों टाकीखालच्या नळीच्या जोडांतून थेंब ठिबकत आहे! थेंब तापलेल्या एंजिनवर पडे आणि पडतांक्षणींच दिसेनासा होई. जो दिसेनासा होतो तो नाहींसा होत नाहीं, हें शास्त्र आम्हांस ठाऊक होतें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड; ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट पाहते. आमच्या अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन आहे. आम्ही गाडी ढकलीत कुंपणापाशीं नेली, आणि त्या दिवशीं तुळशीपुढें दिवा लागला नाहीं. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. पाठीमागें कन्या बसली होती, ही एकच गोष्ट रात्रभर आमच्या डोळ्यांपुढून हालेना.

आमच्या उमेदीच्या काळांतील गाडी असती तर एवढी चिंता नव्हती. त्या गाडींत पेट्रोल आपल्या वजनानेंच टाकींतून कार्ब्युरेटरमध्यें उतरे. नळी गळूं लागली कीं तिचें चिरलेलें टोंक अर्धा इंच कापावें, पुन्हां तोटीवर चढवावें, वर तारेचा वेढा आवळावा आणि कामावर जावें. परंतु १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि तेव्हांपासून नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. आतां टाकीच्या पोटांत विजेचा पंप असतो आणि पेट्रोल सुमारें तीन बार दाबानें, म्हणजे हवेच्या नेहमींच्या दाबाच्या तिपटीनें, एंजिनकडे लोटलें जातें. त्या नळीच्या टोंकाला खटक्याचा एक प्लॅस्टिकचा जोड असतो, आणि जोडाच्या आंत करंगळींतही न शिरणारें एक रबरी कडें. साऱ्या दाबाला अडविणारा पहारेकरी तेवढाच.

या कड्याला ओ-रिंग म्हणतात. डेन्मार्कमध्यें जन्मलेल्या नील्स क्रिस्टन्सेन यानें १९३७ सालीं अमेरिकेंत तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला तेव्हां त्याचें वय ७२ होतें. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यांना ही माहिती फार धीर देते. पण धीर खचविणारी माहितीहि याच कड्याला चिकटली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर हें यान सात अंतराळवीरांसह आकाशांत नष्ट झालें, तें थंडीनें ताठरलेल्या अशाच रबरी कड्यांमुळें. फाइनमन यांनीं चौकशीच्या वेळीं त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यांत बुडवून सर्वांना तें दाखवून दिलें होतें. हें सारें रात्रीं अंथरुणांत आठवण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण आठवलें खरें.

रात्रींच आम्ही अपराधीहि निश्चित केला. २०२५ सालीं आपल्या पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉलनें कांहीं जातींचें रबर फुगतें, हें खोटें नाहीं. तेव्हां वर्तमानपत्रास पाठवावयाच्या पत्राचा मसुदा मनांत तयार झाला. त्याचें पहिलें वाक्य फारच झणझणीत होतें.

दुसऱ्या दिवशीं कॉलेजला सुटी होती. एंजिन थंडगार होतें, रात्रभर गळून नळींतला दाबहि ओसरला होता. बॅटरीची ऋण बाजूची तार आधीं सोडविली. टाकी मागून उचलून तिच्याखालीं लांकडाचा ठोकळा सारला, जोडाभोंवतीं फडकें धरलें, खटका दाबला आणि जोड ओढून काढला. चार थेंब फडक्यांत आले. कडें टांचणीनें न काढतां बोथट काडीनें काढलें आणि भिंगाखालीं धरलें. तें फुगलेलें नव्हतें, ताठरलेलें नव्हतें. त्याची एक कड नखानें खुरडावी तशी कापली गेली होती. जोड तोटीवर पुरता बसलाच नव्हता. गाडीच्या थरथरीनें अर्ध्यावर हिंदकळत राहिला आणि कडें घासून कापलें. महिन्यापूर्वीं एअर-फिल्टर बदलण्यासाठीं टाकी कोणी उतरविली होती? आम्हीं. जोड पुन्हां कोणी बसविला होता? आम्हींच. पत्राचा मसुदा तेथेंच बारगळला.

प्लॅस्टिकला कोठें चीर नव्हती, एवढें दैव. पोवई नाक्याजवळच्या दुकानांत जुनें कडें पुढें ठेवतांच दुकानदारानें विचारलें, "पाण्याला कीं पेट्रोलला?" असा नेमका प्रश्न विद्यार्थ्यांनीं वर्षांतून एकदां विचारला तरी आम्ही धन्य होऊं. त्यानें व्हायटन नांवाच्या, पेट्रोलला दाद न देणाऱ्या रबराचीं दोन कडीं दिलीं. किंमत ऐकून पुन्हां विचारावी लागली, इतकी ती थोडी होती.

कीं आम्हांस ऐकूंच आली नव्हती?

घरीं येऊन नव्या कड्याला तेलाचें बोट लावलें, तें खांचेंत बसविलें आणि जोड तोटीवर दाबला. पूर्ण बसला कीं टक् असा आवाज येतो, असें पुस्तिकेंत लिहिलें आहे. आम्ही दाबला, आणखी दाबला. शेजारीं बॅटरी धरून उभी असलेली कन्या म्हणाली, "बाबा, झालं कीं. टक् वाजलं."

"केव्हां?"

"आत्तां."

आम्ही जोड काढला आणि पुन्हां बसविला. "आतां?"

"आतांहि वाजलं."

बोटाला एक बारीकसा धक्का तेवढा जाणवला होता. कानाला कांहीं नाहीं.

वयानुसार कान जातात ते एकदम जात नाहींत. आधीं बारीक, उंच आवाज जातात. स्वर ऐकूं येतात, व्यंजनें गळतात. माणूस बोलतो आहे हें कळतें, काय बोलतो तें कळत नाहीं. हें आम्हीं कोठेंतरी वाचलें होतें, दुसऱ्या कोणाविषयीं म्हणून. गेलें वर्षभर आम्ही तरुण पिढीला स्पष्ट बोलतां येत नाहीं, असें प्राध्यापकांच्या खोलींत हिरीरीनें सांगत होतों. मार्चमधल्या तोंडी परीक्षेंत एका मुलीला आम्ही तीन वेळां "मोठ्यानें" म्हणालों. चौथ्या वेळीं ती गप्प बसली. तिच्या नांवापुढें आम्हीं 'आत्मविश्वासाचा अभाव' असा शेरा लिहिला आणि त्याला शोभतील असे गुण दिले. ते गुण आतां जाहीर होऊन गेले आहेत.

कन्येनें जोड ओढून पाहिला. तो हालला नाहीं. बॅटरीची तार जोडली, किल्ली फिरविली. पंप दोन क्षण गुणगुणला, असें कन्या म्हणाली. आम्हीं टाकीवर तळहात ठेवून तें खरें करून घेतलें. टीपकागद जोडाभोंवतीं फिरविला, तो कोरडा. एंजिन दहा मिनिटें चालवून पुन्हां फिरविला, तरी कोरडा. फडकें आम्ही दूर तारेवर वाळत टाकलें.

सांज झाली होती. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांतून कांहींतरी म्हणाल्या. आम्ही संवयीनें "हं, हं" म्हणालों. मग अंगण ओलांडून त्यांच्याजवळ गेलों आणि विचारलें, "काय म्हणालीस?"

"म्हटलं, आतां लावूं का दिवा?"

"अर्धा तास थांब," आम्ही म्हणालों. "खालीं अजून वास आहे."