वराडकर ‘आपले’ कसे?

१४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडे ‘मराठी माणूस पंतप्रधान’ म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. त्यांचं मूळ गाव वराड, सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं. आमच्या अकोल्यात काहींनी ते ‘वऱ्हाड’ असं वाचलं आणि त्यांना थेट आपल्या भागात आणून बसवलं! मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न पडतो. हाच माणूस इथे जन्मला असता, तर आपण त्याला आपला म्हटलं असतं का?

वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, हिंदू. आई मिरियम आयरिश नर्स, कॅथलिक. इंग्लंडमध्ये भेट झाली, लग्न झालं. लिओंचा जन्म १९७९ चा, डब्लिनचा. तेही डॉक्टर झाले, २००७ मध्ये संसदेत गेले, २०११ मध्ये मंत्री झाले. जानेवारी २०१५ मध्ये, आरोग्यमंत्री असताना, त्यांनी रेडिओवरून आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात आयरिश जनतेने ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. चर्चचा एवढा पगडा असलेला हा देश. १९९३ पर्यंत तिथेही पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हाच होते.

आता इकडे बघा. आपण त्यांचं अभिनंदन करत होतो, तेव्हा आपल्या देशात कलम ३७७ लागू होतं. म्हणजे ज्याचा अभिमान मिरवायचा, तोच आपल्या कायद्याने गुन्हेगार! ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. त्या निकालात आधार घेतला तो बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचा. समाज मागे होता, संविधान पुढे गेलं.

अमरावतीत मी भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकाने नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. पहिला प्रश्न, “आडनाव काय तुमचं?” सांगितलं. “खोली कालच गेली हो.” आठ दिवसांनी पाहिलं, ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तिथेच होती. वराडकर हे आडनाव डब्लिनला परकंच. तरी त्याच आडनावाने ते चार वेळा निवडून आले.

पण म्हणून त्यांची आरती ओवाळायची नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच बजावलं आहे. समाजकल्याण खातं सांभाळताना याच वराडकरांनी सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरात मोहीम चालवली आणि प्रत्येक गरजू माणूस संशयाच्या नजरेखाली आला. अल्पसंख्य असणं म्हणजे गरिबांच्या बाजूचं असणं नव्हे. राखीव जागांवरून निवडून येऊन मुकाट बसणारे आमदार आपण पाहिलेलेच आहेत.

एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह वराडला आले होते, तेव्हा गावाने आनंदाने स्वागत केलं. चांगलंच झालं. पण त्यांच्या वडिलांसारखं जातीधर्माबाहेर लग्न करून आलेल्या आपल्याच गावातल्या पोराचं असं स्वागत होतं का? त्याला घरात घ्या. आडनाव न विचारता खोली द्या. मग वराडकरांवर हक्क सांगू.

जय भीम!