पीळ

शिफॉन आणि नाजूकपणा ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. हिंदी सिनेमातल्या नायिकेला बर्फात शिफॉन नेसवून उभं केलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. कापडाच्या नावाचं मूळही चिंधी असा अर्थ असलेल्या फ्रेंच शब्दात आहे. पण अस्सल रेशमी शिफॉनचा तलमपणा येतो कडक पिळातून. धाग्यांना भरपूर पीळ देतात, काहींना उजवा, काहींना डावा, आणि ते आलटूनपालटून विरळ विणतात. प्रत्येक धागा आपला पीळ सोडवू पाहतो. त्या ओढाताणीतून कापडावर बारीक चुण्या पडतात.

आपल्याकडे शिफॉनच्या साडीची चाल पाडण्याचं श्रेय एका मराठी बाईला दिलं जातं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं आणि १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. १९२२ साली ते वारले. पदरात पाच मुलं, गादीचा वारस अज्ञान, म्हणून तिशीतल्या विधवेकडे राज्याचा कारभार आला. फ्रान्समधून साडीच्या मापाचं शिफॉन विणून घेऊन ती नेसायची, असं सांगतात. विधवेने हौसमौज विसरावी, असा तो काळ.

आमच्याकडे राजवाडा नव्हता. बाबा गेले तेव्हा आई चव्वेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. वर्षश्राद्धानंतर धाकटी आत्या म्हणाली, "वहिनी, आता फिकंच नेसत जा." पुढच्या पगाराला आईने मोतिया रंगाचं रेशमी शिफॉन आणलं. 

"वन्सं, फिकंच आहे की."

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि आम्हाला ऐकू येईल इतपत पुटपुटली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही."

त्या दिवाळीत आम्हां भावंडांना नवे कपडे झाले नाहीत. पिन टोचली की शिफॉनचे धागे सरकतात, म्हणून आई एका हाताने पदर धरून दुसऱ्या हाताने फळ्यावर समीकरणं लिहायची. त्या वर्गातली एक विद्यार्थिनी परवा भेटली. बाईंची ती साडी तिला अजून आठवते म्हणाली. तिचेही वडील त्याच वर्षी गेले होते, आणि तिच्या आईच्या साऱ्या रंगीत साड्या तेराव्याच्या आत नातेवाइकांत वाटून झाल्या होत्या.