माणसे बदलली, मग बँड तोच कसा?

गेल्या भीमजयंतीला वस्तीतला कार्यक्रम संपवून आमचे गाण्याचे पथक मंचावरून खाली उतरले, तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी अडवून विचारले, "पोरांनो, बॅनर जुनाच आहे, पण जुने चेहरे कुठं गेले? मग हे तेच पथक कसं?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. वसतिगृहाच्या खोलीत सहा जणांनी सुरू केलेल्या या पथकात आज पहिले आम्ही दोघेच उरलो आहोत. बाकी सगळे नंतर आलेले.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका काळ्या रॉक बँडला गेली तीस वर्षे विचारला जातो आहे. त्या बँडचे नाव फिशबोन. ब्लॅक पँथरबद्दल वाचता वाचता आम्ही काळ्यांच्या संगीताकडे वळलो आणि एका रात्री 'एव्हरीडे सनशाइन' हा फिशबोनवरचा माहितीपट पाहिला. तेव्हा मजा वाटली होती. आज तो आमच्याच गोष्टीसारखा वाटतो.

फिशबोनची सुरुवात 1979 ची, लॉस एंजेलिसमधली. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी तेव्हा काळ्या वस्तीतली मुले बसने दूरच्या गोऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवली जात. नॉरवूड फिशर, त्याचा भाऊ फिलिप, केंडल जोन्स, ख्रिस डाऊड आणि वॉल्टर किबी हे असेच सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या शाळेत पोहोचले. तिथे त्यांना अँजेलो मूर भेटला. परक्या वर्गात नवख्या पोरांनी एकमेकांना धरून राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या सहा जणांनी स्का, पंक, फंक आणि मेटल एकत्र करून स्वतःचे संगीत उभे केले. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने 1985 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. 1988 चा 'ट्रुथ अँड सोल' आणि 1991 चा 'द रिअ‍ॅलिटी ऑफ माय सराउंडिंग्ज' हे अल्बम गाजले. त्यांच्या एका गाण्याचा व्हिडिओ स्पाइक लीने दिग्दर्शित केला. 1993 च्या लोलापलूझा दौऱ्यात ते वाजवत होते. एवढे सगळे होऊनही मोठे यश दारापर्यंत येऊन परत गेले.

का गेले? सोपे उत्तर तयार असते: अहंकार, आपसातली भांडणे. भांडणे होतीच, माहितीपट ती लपवत नाही. पण हे अर्धेच सत्य आहे. ज्या रॉक संगीताचा पाया सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड या काळ्या कलावंतांनी घातला, ते संगीत बाजाराने गोऱ्यांचे ठरवून टाकले होते. काळ्या माणसाने सोल गावे, रॅप करावे. गिटार घेऊन रॉक वाजवू लागला की त्याला कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे रेडिओला आणि कंपन्यांना कळत नसे. ही एकट्या फिशबोनची तक्रार नव्हती. म्हणून तर 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गिटारवादक व्हर्नन रीड आणि त्याच्या सहकाऱ्यांना 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढावी लागली. फिशबोनबद्दल त्याच माहितीपटात रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली आणि नो डाउटची ग्वेन स्टेफनी आदराने बोलतात. आदर सगळ्यांनी दिला, बाजार मात्र इतरांना मिळाला.

पैसा असला की भांडणे झाकता येतात. तो नसला की छोटी कुरबूरही फाटाफुटीपर्यंत जाते. पुढे लोक फाटाफूट तेवढी लक्षात ठेवतात, टंचाई कोणी मोजत नाही.

1993 मध्ये केंडल जोन्स बँड सोडून वडिलांच्या धार्मिक गटात गेला. आपला मित्र जाळ्यात अडकला असे वाटून नॉरवूड आणि काही जण त्याला परत आणायला गेले. परिणाम काय? नॉरवूडवर अपहरणाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. तो निर्दोष सुटला, पण केंडल काही बँडमध्ये परतला नाही. हा प्रसंग प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. प्रेम कितीही खरे असले तरी गेलेल्या साथीदाराला ओढून आणता येत नाही. त्याचे जाणे त्याच्या दृष्टीने काय होते, हे समजून घेता येते, इतकेच.

त्यानंतर डाऊड गेला, कंपनीचा करार गेला, फिलिप गेला, किबी गेला. काही परत आले, पुन्हा गेले. अलीकडे तर ज्याच्या बास गिटारशिवाय फिशबोनची कल्पना करता येत नव्हती तो नॉरवूडही बाहेर पडला. आज पहिल्या सहांपैकी मूर आणि परतलेला डाऊड हे दोघे नव्या वादकांना घेऊन दौरे करतात. 'हा खरा फिशबोन नाही' असे म्हणणारे चाहते आहेतच.

आपल्यालाही हा वाद नवा नाही. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली, काही वर्षांतच फुटली आणि खरा पँथर कोण हा वाद पुढे कितीतरी वर्षे चालला. त्या वादात जेवढी शक्ती गेली, तेवढी अन्यायाविरुद्ध लागली असती तर?

आमचे म्हणणे असे आहे. नाव संस्थापकांची खासगी मालमत्ता नसते, पण ते मागे उरलेल्यांचे दुकानही नसते. ते चालवण्याचा हक्क कामाने मिळवावा लागतो. जुनीच गाणी वाजवून तिकिटे विकायची असतील तर चाहत्यांचा संशय बरोबर आहे. पण फिशबोनच्या या नव्या संचाने 2025 मध्ये 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला आणि आजच्या अमेरिकेतल्या वंशवादावर थेट बोट ठेवले. ज्या कामासाठी नाव घेतले होते ते काम पुढे चालू आहे. मग नाव खोटे कसे? आणि दुसऱ्याने बांधलेली चाल शिकून, जुन्यांची आठवण काढणाऱ्या प्रेक्षकांपुढे रोज उभा राहणारा नवा वादक नकली कसा?

मात्र याला दुसरी बाजू आहे आणि तिथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. आमचा ढोलकीवाला मित्र नोकरी लागल्यावर पथकातून गेला, तेव्हा आम्ही त्याला ग्रुपमधून काढले. 'पगार सुरू झाला आणि समाज विसरला' असे चारचौघांत बोललो. घरात वडिलांचे आजारपण होते, कर्ज होते, हे आम्हाला माहीत होते. तरी बोललो. बॅनरवरून त्याचे नावही काढले. आमची निम्मी गाणी आजही त्याच्याच ठेक्यावर उभी आहेत.

हा लेख लिहायच्या आधी आम्ही त्याला फोन केला. माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नव्या पोराला सांगा, तिसऱ्या गाण्यात घाई करतो तो. मागं बसून ऐकलंय मी." म्हणजे तो कार्यक्रमाला आला होता. आम्हाला दिसलाही नव्हता.

या वर्षीच्या पत्रकावर दहा नावे असतील: सुरुवात करणारे सहा आणि आज वाजवणारे चार नवे. काकांनी पुन्हा विचारलेच, तर आम्ही ते पत्रक त्यांच्या हातात देऊ.

जय भीम!