दोन घोट हुर्राकचे

तुमच्या भागातलं गावठी मद्य कोणतं? नाव घेताना आवाज आपोआप खाली गेला ना? आमच्या घमापुरातल्या घरीही तेच. जबलपूरच्या आसपासच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, पण घरात ‘मोहाची’ एवढं म्हटलं तरी विषय बदलला जातो.

म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका जुन्या तावेर्नमध्ये बसले, तेव्हा मला सगळ्यात जास्त भावला तिथला मोकळेपणा. तावेर्न म्हणजे गावातला छोटासा गुत्ता. दोन-तीन बाकं, काचेचे मोठे बुधले आणि पेपर वाचत सावकाश एक पेला संपवणारे आजोबा. दारू म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा गोंगाट, झोकांड्या यातलं काहीच नाही.

मालकीणबाईंनी तीन पेले पुढे ठेवले. पहिल्यात निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा, न आंबलेला रस. तो लहान मुलंही पितात. दुसऱ्यात हुर्राक. झाडाखाली पडलेली पिकली बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीवर एकदा गाळतात, तो हा. अल्कोहोल साधारण १५ टक्के. तिसऱ्यात पुन्हा गाळलेली फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. तिच्या वासानेच मी मागे सरकले! हुर्राक मात्र फळासारखा हलका लागला.

इंग्लंडच्या खेड्यांतल्या पबमध्ये ‘रिअल एल’ नावाची बिअर मिळते. ती पिंपातही आंबत राहते आणि पिंप उघडलं की थोड्याच दिवसांत संपवावी लागते. हुर्राकही उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच. चाखायचा तर त्याच्या गावी, त्याच्या हंगामात जावं लागतं.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या मध्य प्रदेशानेही मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ म्हटलं आहे. पण पहाटे उठून फुलं वेचणाऱ्या बायकांच्या कष्टाला मान मिळायचा, तर आधी ते नाव घरात सरळ आवाजात घेता आलं पाहिजे. त्यासाठी प्यायलाच हवं असं नाही.

कधी एप्रिलमध्ये गोव्याला गेलात, तर जेवून मगच चाखा, दोन घोटांवर थांबा आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याकडे द्या. नसेल प्यायचं, तर निरो मागा. आणि बोंडं कुणी वेचली, हे नक्की विचारा.