झाकलेली पट्टी



बुद्धिबळाच्या पटावर कोण वरचढ आहे, हे तुम्ही कसे ठरवता? मी पुष्कळ वर्षे मोहरे मोजून ठरवीत असे. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा प्रत्येकी तीन, प्यादे एक. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी करीत एस.टी.ने चंद्रपूरला स्पर्धेस गेलो, तेव्हाही हाच हिशेब केला. शेवटच्या डावात माझ्याजवळ एक उंट आणि एक प्यादे अधिक होते. समोरच्याने बरोबरी देऊ केली. मी ती हसून नाकारली.

प्यादे पटाच्या अगदी कडेच्या रांगेतले होते. ज्या कोपऱ्यात पोहोचून ते वजीर होणार, ते घर पांढरे आणि माझा उंट काळ्या घरांचा. प्रतिस्पर्ध्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला तेथून हुसकावणे अशक्यच असते. डाव बरोबरीत सुटला. घरी मात्र मी कितीतरी वर्षे ‘जिंकलेला डाव निसटला’ असेच सांगत राहिलो. तो डाव जिंकलेला कधी नव्हताच.

गंमत अशी, की माझी नोकरी लाकूड आगारातली. सागाच्या ओंडक्याची लांबी आणि घेर मोजून घनमीटर निघतात. पण आतून पोकळ असलेल्या बुंध्याला ते घनमीटर लावत नाहीत, हे मला तेथे उत्तम कळत होते!

पुढे एक वही केली. संगणकाला विचारण्याआधी लिहायचे : कोण सरस, किती आणि कशामुळे. मग ताडून पाहायचे. चुका पुष्कळ निघाल्या. पण मला अस्वस्थ केले ते त्यांच्या दिशेने. जवळजवळ प्रत्येक चूक माझ्याच बाजूने झुकलेली. माझ्या राजावरचे संकट किरकोळ, समोरच्याच्या राजावरचे भयंकर! तेव्हापासून मी पट उलटा फिरवून, प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीतून पाहिल्याखेरीज वहीत काही लिहीत नाही.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत कोनेरू हम्पी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांच्यात झाली. मोबाइलच्या पडद्यावर कोण पुढे आहे हे दाखवणारी काळी-पांढरी पट्टी असते. तिच्यावर मी कागद चिकटवला आणि अंदाज लिहीत गेलो. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली. रात्री कागद काढून नोंदी ताडल्या. ११ पैकी ७ चुकल्या होत्या, आणि त्या सातही दिव्याच्या बाजूने. शेवटी ती आमच्या विदर्भाची!