आपलं म्हणून चालवून घ्यावं का?

"रात्री-अपरात्री कॉम्प्युटरवर काय करत बसता, ते एकदा लिहा," असे संपादकांनी फर्मावले, म्हणून हा प्रपंच.

आपल्या कॅरीच्या शेजारी, रॅलेला, रेड हॅट कंपनीचे मुख्यालय आहे. तिच्या पाठबळावर २००३ पासून 'फेडोरा' ही फुकट मिळणारी आणि कुणालाही आतून उघडून पाहता येणारी कार्यप्रणाली तयार होते. तिच्यात नवा प्रोग्राम घालायचा, तर एकाने तो बांधून पाठवायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, असा नियम आहे. ही तपासणी मी हौसेने करतो. मी केमिस्ट, प्रयोगाच्या वहीवर दुसऱ्याची सही घ्यायची सवय आहेच.

मूळ लेखकाची फाइल आणि आलेली फाइल तंतोतंत एकच आहे ना, कोऱ्या मशीनवर प्रोग्राम तयार होतो ना, प्रत्येक भाग वाटायची लेखी परवानगी आहे ना, हे पाहायचे. ओळखीवर भागत नाही. २०२४ साली 'एक्सझेड' या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. तो ठेवणाऱ्याने आधी दोन वर्षे चांगले काम करून विश्वास कमावला होता!

मध्यंतरी महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याने मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम पाठवला. मला कोण आनंद! 'मंजूर' लिहायला हात शिवशिवत होते. पण शब्दयादी कुठली, ते लिहिलेले नव्हते. विचारले, तर उत्तर आले, "सर, एका नव्या छापील कोशातून उतरवली. आपलीच भाषा आहे ना?"

दोन दिवस मी उत्तर टाळले. भाषा आपली खरी, पण कोशकाराची मेहनत आपली कशी? शेवटी नकार लिहिला. सोबत सुचवले, की मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशावर आता कुणाचा हक्क नाही.

"पण सर, त्यातले लेखन १९६२ च्या नियमांआधीचे आहे."

म्हणजे एकेक शब्द पुन्हा पाहणे आले. त्याने ते सुरू केले आहे. रविवारी मीही थोडे शब्द पाहून देतो. आता अर्थात अंतिम तपासणी मला करता येणार नाही. ती त्रयस्थानेच करायची.

'क' पासून पुढचे शब्द कुणी वाटून घ्याल का? मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मला जरूर गाठा. शुद्धलेखनाच्या चुका काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. खोटे वाटत असेल तर संपादकांना विचारा!