गाडीची नाडीपरीक्षा

एकत्र कुटुंबांत वस्तु विकत घेणें हा एक संस्कारच असतो, आणि इतर संस्कारांप्रमाणें त्यासही मुहूर्त, पुरोहित व आप्तांची संमति लागते. ज्या घरीं धुलाईयंत्राच्या निवडीवरून दोघी सुना आठवडाभर एकमेकींशीं मोजकेंच बोलल्या, त्या घरांत मोटारीचे दोष वाचणारें यंत्र सुखासुखीं यावें ही अपेक्षाच करूं नये. तथापि तें आलें. आणि तें निवडतांना जें कळलें तें, मोटारीविषयीं आमच्यासारखेंच पेट्रोल भरण्यापुरतें ज्ञान असलेल्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. तो लागणें म्हणजे घरांतल्या वडीलधाऱ्या माणसानें माजघरांतून खांकरण्यासारखें आहे: कांहीं तरी बिनसलें आहे एवढें कळतें, काय तें कळत नाहीं. आमची गाडी २०१५ सालची. तिचा दिवा लागला तेव्हां ती एका मोठ्या वर्कशॉपांत नेली. तेथील टेबलामागच्या गृहस्थांनीं सायलेन्सरच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल असें सांगून ४८,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. हा कन्व्हर्टर विषारी वायूंचें रूपांतर करतो, व त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातु असतात. तेव्हां किंमत ऐकून आम्ही दचकलों तरी ती अवाजवी म्हणवत नव्हती. परंतु 'कशावरून?' या प्रश्नास 'कंप्यूटर सांगतो' एवढेंच उत्तर मिळालें. आमच्या दादांची हयात बँकेंत गेली. कागद पाहिल्यावांचून त्यांनीं कधीं सही केली नाहीं. त्यांतून त्या वर्षीं माईंच्या डोळ्यांत दर महिन्यास इंजेक्शन द्यावें लागत होतें, व त्याच गाडींतून त्यांना इस्पितळांत न्यावें लागे. गाडी बंद ठेवणेंही शक्य नव्हतें, आणि एवढी रक्कम एकदम काढणेंही.

कंप्यूटर काय सांगतो हें वाचण्याचा मार्ग गाडीच्या मालकासही मोकळा आहे, ही गोष्ट त्या निमित्तानें आम्हांस प्रथम कळली. मौज ही कीं, हा मार्ग मालकाच्या कळवळ्यानें कोणी ठेवलेला नाहीं. तो धुराच्या भीतीनें जन्मास आला. कॅलिफोर्नियांतील हवा फार बिघडली, तेव्हां धूर शुद्ध ठेवणारी यंत्रणा नादुरुस्त झाल्यास गाडीनें तसें स्वतःच सांगावें, असा नियम तेथील सरकारनें १९८८ च्या गाड्यांपासून केला. पुढें १९९६ पासून साऱ्या अमेरिकेंत एकाच घाटाचें सोळा पिनांचें सॉकेट व एकच सांकेतिक परिभाषा सक्तीची झाली. युरोपानें पेट्रोलच्या नव्या गाड्यांस २००१ पासून तसाच दंडक लावला. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणें, सोलापूर धरून १३ शहरांत भारत स्टेज ४ आलें, त्याबरोबर या व्यवस्थेची पहिली पायरी आली, आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरी. चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डाखालीं हात घालून पाहिलें तर तें सॉकेट बोटांस लागतें. इतकीं वर्षें आम्ही त्या गाडींत बसत होतों, पण तिकडे बोट नेण्याचें आम्हांपैकीं कोणास कारण पडलें नव्हतें.

कायद्याचा रोख धुरावर असल्यामुळें साधेंसुधें यंत्रही इंजिन आणि धूर यांसंबंधींचे संकेत वाचूं शकतें. ब्रेकांची एबीएस व्यवस्था किंवा एअरबॅग यांचे दोष मात्र त्या सक्तींत बसत नाहींत. तेथें कारखानदारागणिक बोली निराळी. म्हणून 'सर्व गाड्यांचें सर्व कांहीं वाचतें' अशी जाहिरात दिसली कीं सावध व्हावें, व आपल्या गाडीचें नांव आणि साल त्या यंत्राच्या यादींत आहे कीं नाहीं तेवढें पाहावें.

बाजारांत या यंत्रांचीं तीन घराणीं आहेत. आगपेटीएवढी एक डबी सॉकेटांत खोंचून ब्लूटूथनें मोबाइलवर आंकडे पाहाणें, हा सर्वांत स्वस्त प्रकार; ५०० ते १,००० रुपयांच्या आंतबाहेर मिळतो. कॅनडांतील एका लहान कंपनीनें ईएलएम ३२७ नांवाची चिप काढली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीस नकलेपासून संरक्षण नव्हतें, त्यामुळें तिच्या नकला जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ सालीं बंद झाली, नकला मात्र नांदत आहेत! त्यांतील कांहीं चांगल्या चालतात, कांहीं अर्ध्याच आज्ञा समजतात, आणि वरून पाहून दोहोंतला भेद ओळखतां येत नाहीं. शिवाय साध्या ब्लूटूथची डबी ॲन्ड्रॉइडवर चालली तरी आयफोनवर बहुधा चालत नाहीं. दुसरा प्रकार स्वतःचा पडदा व बटनें असलेला, हातांत धरण्याचा; तो दोन-चार हजारांपासून पुढें. तिसरा टॅब्लेटच्या आकाराचा, तो गाडीस केवळ विचारीत नाहीं तर आज्ञाही करतो; पंखा फिरव, अमुक व्हॉल्व्ह उघड, इत्यादि. त्याची किंमत कन्व्हर्टराच्या पंगतीस बसण्याजोगी.

आमचे पुतणे चिरंजीव अर्थातच तिसऱ्यावर भाळले. दादांच्या मतें मुळांत कांहींच घेऊं नये. आम्ही स्वतः स्वस्त डबीच्या बाजूचे होतों. त्या वेळीं वहिनींनीं, ज्या ही गाडी घरांत सर्वांत अधिक चालवितात, एवढेंच विचारलें, "भावोजी, ती डबी कोणाच्या मोबाइलशीं जोडणार? तो मोबाइल घेऊन चिरंजीव वसतिगृहांत जातील, आणि माईंना घेऊन मी रस्त्यांत उभी असेन." या प्रश्नास कोणापाशीं उत्तर नव्हतें. ज्या वस्तूची किल्ली एकाच्या खिशांत असते ती घराची नव्हे, त्या एकाची. दुसऱ्या प्रकारचें यंत्र ठरलें. अट एवढीच कीं, त्यानें संकेताबरोबर दोष नोंदला गेला त्या क्षणींची गाडीची अवस्था, तसेंच चालत्या इंजिनाचे आंकडे, हीं दोन्ही दाखवावीं. केवळ संकेत दाखवून गप्प बसणारें यंत्र त्याहून थोडें स्वस्त मिळतें; पण तें घेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

तें मत कां बनलें तें सांगतों. यंत्र लावल्यावर दोन संकेत दिसले: पी ०४२० आणि पी ०३०२. पी हें अक्षर इंजिन व त्याची शक्ति चाकांपर्यंत पोंचविणारी यंत्रणा यांचें. पुढचें शून्य म्हणजे संकेत सर्व कारखानदारांस समान. पहिल्या संकेताचा अर्थ, कन्व्हर्टराचें काम अपेक्षेपेक्षां कमी. दुसऱ्याचा, दुसऱ्या सिलिंडरांत ठिणगीनंतर व्हावें तसें ज्वलन होत नाहीं. वर्कशॉपच्या कंप्यूटरानें खोटें सांगितलें नव्हतें. परंतु दोन वाक्यांपैकीं महागडें तेवढें आमच्या कानीं आलें होतें. न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या नळींत जाऊन कन्व्हर्टरांतच पेटतें व त्यास भाजून काढतें. म्हणजे पी ०३०२ कारण आणि पी ०४२० कार्य असण्याचा बराच संभव. पिवळा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागतो तो याच भाजण्याचा इशारा देण्यासाठीं. स्थिर दिव्यावर जपून घरीं येतां येतें, लुकलुकत्या दिव्यावर गाडी बाजूस घेऊन उभी करावी. हा भेद गाडी चालविणाऱ्या प्रत्येकानें पाठ करावा.

दोष नोंदला गेला त्या क्षणीं वेग ताशीं ३४ किलोमीटर होता आणि इंजिनावर भार पुष्कळ. वहिनींना तत्काळ आठवलें, कात्रजचा चढ! भार पडतांच ठिणगी दगा देते, हें अशक्त इग्निशन कॉइलचें लक्षण असूं शकतें. पण प्लग किंवा इंजेक्टर यांचेंही असूं शकतें. संकेत हें निदान नव्हे. थर्मामीटरनें १०२ दाखविलें म्हणजे विषमज्वर कीं हिवताप तें ठरत नाहीं, तसेंच हें. आमच्या जुन्या मिस्त्रींनीं, ज्यांस यंत्रापेक्षां स्वतःच्या कानावर अधिक भरंवसा आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल केली, संकेत पुसला, व गाडी त्याच चढावर नेण्यास सांगितलें. परतल्यावर यंत्रावर पी ०३०३ उमटलें होतें. दोष कॉइलबरोबर हलला होता. "आतां तुमचें यंत्र शहाणें झालें," असें म्हणून त्यांनीं नवी कॉइल बसविली. मजुरीसह २,६०० रुपये झाले.

त्यानंतर आनंद मानण्यास आम्ही नऊ दिवस थांबलों. कारण संकेत पुसले म्हणजे गाडीनें आपल्या अवयवांच्या घेतलेल्या परीक्षांचे निकालही पुसले जातात, व त्या परीक्षा पुन्हां पुऱ्या होण्यास कांहीं दिवस निरनिराळ्या वेगानें गाडी चालवावी लागते. कन्व्हर्टराची परीक्षा पुरी झाल्याची खूण नवव्या दिवशीं दिसली, आणि पी ०४२० परत आलें नव्हतें. वर्ष होत आलें, अजूनही आलेलें नाहीं.

हें यंत्र गाडींतच लावून ठेवूं नये. सॉकेटाच्या सोळाव्या पिनेस गाडी बंद असतांही बॅटरीचा प्रवाह असतो. महिनाभर उभी असलेली गाडी त्या थेंबाथेंबानें निजून जाते. दूरसंपर्काच्या डब्यांस तर याहून मोठें भय आहे: २०१५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील संशोधकांनीं अशाच एका डबीस मोबाइलवरून लघुसंदेश पाठवून सावकाश चालणाऱ्या कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक निकामी करून दाखविले होते. आमचें यंत्र काम झालें कीं कपाटांत, माईंच्या औषधांच्या डब्याशेजारीं जाऊन बसतें.

आतां तें आळींत प्रसिद्धि पावलें आहे. गेल्या महिन्यांत शेजारच्या बिऱ्हाडांत जुनी गाडी घेण्याचें घाटत होतें, तेव्हां वहिनींस सन्मानानें बोलावणें आलें. गाडी चकचकीत, दिवा बंद, संकेत एकही नाहीं; पण बहुतेक परीक्षा 'अपूर्ण'. म्हणजे संकेत नुकतेच कोणीं तरी पुसले असावेत, किंवा बॅटरी काढली असावी. विकणारे गृहस्थ म्हणाले, बॅटरी नवी बसविली आहे; तेंही अगदीं शक्य. वहिनींनीं वाद घातला नाहीं. आठवडाभर गाडी नेहमींप्रमाणें चालवा, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां घेऊन या, चहा येथेंच घेऊं, असें त्यांना सुचविलें. तीन रविवार झाले, ते अद्याप आलेले नाहींत.